उरलेला भात कुणी खायचा?

आम्ही लालबागहून बोलतोय. आमच्या बचत गटात चौदाजणी आहोत. कुणी पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते, कुणी मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायला जाते, कुणी परळला आयाचं काम करते, दोघी-तिघी घरीच असतात.

घरातलं अन्न वाया जाऊ नये यावर बोला, असं आम्हाला सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. गावच्या बायांना मुंबईच्या बायांनी हे शिकवायचं? तुमच्याकडे उरलंसुरलं कोंबड्यांना जातं, दारातल्या कुत्र्याला जातं, साली गोठ्यात जातात. आमच्याकडे दहा बाय पंधराची खोली, तिसरा मजला, आणि गॅलरीच्या टोकाला ओल्या कचऱ्याची एक बादली. सगळं त्या बादलीत. शिवाय कुणाच्या घरातून काय पडलं ते अख्ख्या मजल्याला दिसतं. त्यामुळे शिकवायला आलो नाही. आमच्या गटात गेल्या वर्षी जे झालं तेवढं सांगतो.

गेल्या श्रावणात आमच्यातली एक बाई बैठकीला आली नाही. हप्ता कधी न चुकवणारी बाई. घरी जाऊन पाहिलं तर जुलाब-उलट्यांनी पार गळून गेलेली, हाताला सलाईन लावून आलेली. आदल्या रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवला होता, सकाळी फोडणी देऊन तिनं खाल्ला. घरात पाच माणसं. आजारी पडली ती एकटीच, कारण तो भात खाल्ला होता तिनं एकटीनंच. बाकीच्यांना तिनं गरम पोहे करून दिले होते.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. आम्ही सहज विचारलं, आज सकाळी रात्रीचं कुणीकुणी खाल्लं? दोघी-तिघी सोडल्या तर सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, कुणाच्या नवऱ्यानं खाल्लं? एकही हात नाही. कुणाच्या मुलानं? एका मुलाला फोडणीचा भात आवडतो म्हणून एक हात. आधी सगळ्या हसलो. मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.

कारण आमचा असा समज होता की आमच्या घरात काही वायाच जात नाही. आई-आजीनं शिकवलंय, अन्न हे पूर्णब्रह्म, टाकायचं नाही. टाकवतही नाही. पण बादलीत न टाकता आम्ही ते कुठे टाकत होतो? आमच्या पोटात. एकीला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी भात मोजून खायला सांगितलाय. ती जेवताना मोजूनच घेते, आणि सगळ्यांचं झालं की पातेल्यातला उरलेला, मुलांच्या ताटातला सुटलेला, ‘एवढाच तर आहे’ म्हणून उभ्याउभ्या संपवते. तो तिच्या हिशेबात नसतो.

भाताचं जरा सविस्तर सांगतो, कारण डॉक्टरीणबाईंनी सांगेपर्यंत आम्हालाही हे ठाऊक नव्हतं. तांदळावर एक जंतू असतो. भात शिजला तरी त्याची बीजं मरत नाहीत. गरम दमट हवेत भात तसाच राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष एकदा तयार झालं की पुन्हा कितीही तापवा, फोडणी द्या, जात नाही. आणि भाताला वास येतोच असं नाही, तार सुटतेच असं नाही. आपण वास घेऊन ठरवतो ना, खायचं की नाही? तो वास इथे फसवतो.

म्हणून भात उरणार असं दिसलं की कुकरात किंवा पातेल्यात दाबून ठेवू नका. तिथे तो तासन्‌तास कोमट राहतो. ताटात पसरा, वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रिज नसेल तर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळसाठी ठेवूच नका. कोंबड्यांना घालायचा असेल तर रात्रीच बाजूला काढा. आणि एक, लग्नकार्यातला भाताचा, पुऱ्यांचा ढीग गाईम्हशीपुढे ओतू नका. पुण्य लागेल म्हणून ओततात, पण एकदम एवढं पिठूळ पोटात गेलं की जनावराचं पोट फुगतं, कधी जनावर जातंही. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी हे पाहिलं असेल.

मग आम्ही लिहायचं ठरवलं. पंधरा दिवस, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रोजच्या चौकोनात तीन गोष्टी: काय उरलं, किती वाट्या उरलं, आणि कुठे गेलं. ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांच्या मुलींनी लिहिलं. ‘कुठे गेलं’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘आई’ असंच होतं. एका पोरीनं तर रोज तेच लिहायला नको म्हणून नुसतं ‘आ’ लिहिलं होतं.

सगळ्यात जास्त उरत होता भात. त्याखालोखाल पोळ्या. मग न शिजवताच सडलेली कोथिंबीर आणि पालेभाजी. आणि मग डब्यातून परत आलेली भाजी.

भात का उरतो, यावर आमच्याच चाळीतल्या एका आजींनी आमचे कान उपटले. या आजी एके काळी खाणावळ चालवायच्या. गिरणगावात तेव्हा कोकणातून, देशावरून आलेले पुरुष गाळ्यांमध्ये दाटीनं राहायचे, बायकापोरं गावाकडे. त्यांना जेवू घालायच्या त्या इथल्या बाया. एकेक बाई आपल्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांचा स्वयंपाक करायची. पैसे महिन्यानं मिळायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. त्या उधारीतून सुटायला १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आपल्यासारख्या गटांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, कितीतरी गावाला निघून गेले आणि खाणावळींची उधारी बुडाली. आजींची खाणावळही त्यातच गेली.

तर आजी म्हणाल्या, ‘‘तुम्ही भात भीतीनं मोजता. कमी पडला तर काय, या भीतीनं. आम्ही तो उधारीनं मोजायचो. मूठभर भात उरला तर तेवढं व्याज माझ्या डोक्यावर.’’ त्यांची रीत साधी होती. पाळी सुटून जेवढे येणार तेवढ्यांचाच भात आधी लावायचा. पुढच्या पाळीचे तांदूळ धुऊन, निथळून तयार ठेवायचे. पहिली पंगत बसली, अंदाज आला, की दुसरं पातेलं चढवायचं. भात कमी पडला तर पुन्हा लावता येतो, त्याला किती वेळ लागतो? उरलेला मात्र परत तांदूळ होत नाही.

आम्ही सगळ्याजणी कुकर लावतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तरी आमच्यापैकी एकीनंही कधी दुसऱ्यांदा कुकर लावलेला नव्हता. भात कमी पडणं म्हणजे बाईची नाचक्की, असं आमच्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलंय. आता आम्ही एक वाटी ठरवून तांदळाच्या डब्यातच ठेवली आहे. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो. घरातलं कोण किती खातं हे आपल्याला माहीत असतंच. फक्त ते मोजून मांडत नाही आपण. आपल्या शेजारच्या गिरगावात १९५९ साली सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे पीठ तोलून न्यायचं आणि पापड तोलून द्यायचे, ही रीत. जिथे अन्नाचे पैसे होतात तिथे बाई ग्रॅमवर येते. घरात मात्र ‘अंदाजे’.

डब्याचं ऐका, गंमत आहे. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याचा डबा डबेवाला नेतो. मुंबईत १८९० पासून हे डबे चालू आहेत, आणि जसे जातात तसे संध्याकाळी परतही येतात. तिनं पंधरा दिवस लिहिलं तेव्हा कळलं, दर मंगळवारी भाजी जशीच्या तशी परत. दर मंगळवारी दोडका. तिनं विचारलं तर म्हणाला, मला दोडका आवडत नाही. कधीपासून? लहानपणापासून! लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तो दोडका लालबागहून फोर्टला जाऊन परत लालबागला येत होता, आणि रात्री ही तो खात होती. बोलला का नाहीस, तर म्हणे तू रागावशील. आता दोडका घरात येतो तो फक्त शिरांच्या चटणीसाठी आणि तिच्या स्वतःच्या भाजीसाठी. चटणी मात्र तो बोटं चाटून खातो, पुरुषांचं काही सांगता येत नाही. तुमच्याकडे डबा शेतावर जात असेल, शाळेत जात असेल. परत आलेला डबा घासायच्या आधी एकदा उघडून बघा, त्यात बरंच काही लिहिलेलं असतं.

सालींच्या चटण्या, फ्लॉवरचा दांडा, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, पोळ्यांचा कुस्करा, गूळ घालून मलिदा, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. आमची अडचण वेगळी आहे. दादर स्टेशनबाहेर रात्री आठनंतर भाजीचे वाटे लावतात, दहा-वीस रुपयांत पिशवी भरते. कामावरून येताना ते बघून हात थांबत नाही. घरी आल्यावर मेथी निवडायला त्राण कुणाला? तिसऱ्या दिवशी पिवळी. आता आम्ही तिघी-तिघी मिळून एक वाटा घेतो आणि गॅलरीत बसून तिथेच निवडून वाटून टाकतो. स्वस्त पडलं म्हणून घेतलेलं आणि सडलेलं हे महागच असतं, एवढं कॅलेंडरवर लिहिल्यावर कळलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा एक अहवाल २०२४ साली आला. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे साठ टक्के घराघरांतून गेलं, असं त्यात आहे. भारतात घरांमधून दर माणशी वर्षाला ५५ किलो असा अंदाज दिलाय, म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅम. साली, बिया, हाडं हेही त्यात धरलेलं आहे. आकडा मोठा आहे, पण आमच्या घरातला बराचसा हिशेब त्यात येणारच नाही. नको असताना बाईनं खाल्लेलं अन्न कुठल्या अहवालात मोजणार?

म्हणून आम्ही गटात एक नियम केला. उरलेलं अन्न चांगलं असेल, नीट ठेवलेलं असेल, तर ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढायचं. नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या, मुलांच्या आणि आपल्या. खराब असेल तर कुणाच्याच ताटात नाही, आपल्याही नाही. बोलायला सोपं आहे. एकीच्या सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. एकीच्या नवऱ्यानं ताट सरकवलं. दोघींनी सरळ सांगितलं, आम्हाला घरात भांडण नको, आम्ही हे करणार नाही. त्यांना आम्ही काही म्हटलं नाही. पण ज्या घरांत हे टिकलं तिथे एक गोष्ट झाली. महिन्याभरात घरातली बाकीची माणसंच विचारायला लागली, आज जेवायला किती जण, मी बाहेर खाऊन येणार आहे, माझा भात लावू नको. आधी कितीदा विनवलं तरी कुणी फोन करून सांगायचं नाही. शिळा भात स्वतःच्या ताटात येणार म्हटल्यावर फोन येतो.

आता एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

गणपतीत लालबाग कसं असतं तुम्हाला टीव्हीवर दिसतंच. १९३४ पासूनचा लालबागचा राजा, बाकी मंडळं, आणि शिवाय घरोघरी गणपती. पाहुणे येतात, मुक्कामाला राहतात. गौरीच्या दिवशी आमच्यातल्या एका घरी पन्नास माणसांचा स्वयंपाक झाला, पाऊस पडला आणि तीस माणसं आली. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात बराच उरला. दुपारचा होता. रात्री आठ वाजता आम्ही चौघींनी तो पिशव्यांत भरला आणि परळच्या हॉस्पिटलांकडे निघालो. तिथे बाहेरगावहून आलेले पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर राहतात, कुणी महिनामहिना. एका बाईसमोर आम्ही पिशवी धरली. तुमच्यासारखीच बाई, डोक्यावर पदर, नवऱ्याला घेऊन आलेली. तिनं हात जोडले आणि हळूच विचारलं, ‘‘ताई, कधीचं आहे? ते आजारी आहेत म्हणून विचारते.’’

आम्ही दुपारचं आहे असं सांगितलं. तिनं पुऱ्या घेतल्या, भात आणि भाजी परत केली. रागावली नाही, काही नाही. पण परत येताना आम्ही चौघी एकमेकींशी बोललो नाही. ओट्यावर सात तास राहिलेला भात आपल्या घरातल्या आजाऱ्याला आपण दिला असता का? आणि आमच्याच मैत्रिणीला श्रावणात त्याच भातानं सलाईन लागलं होतं, त्याला महिनाही झाला नव्हता.

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली रोटी बँक सुरू केली, लग्नासमारंभात उरलेलं चांगलं अन्न भुकेल्यांपर्यंत पोहोचवायची. अशा कामात सगळी धावपळ वेळेची असते. पंगत उठल्याबरोबर अन्न उचललं तर ते अन्न, नाहीतर कचरा. तुमच्याकडे लग्न, सप्ताह, भंडारा असतो तेव्हा हे आधीच ठरवून ठेवा. कुणाला द्यायचं, कोण नेणार, आणि पहिल्या पंगतीनंतरच किती बाजूला काढायचं. सगळ्यांचं आटोपल्यावर तळाचं द्यायचं, ही रीत सोडलेली बरी. आमच्यातल्या त्या मैत्रिणीनं यंदा गौरीला तीसच माणसांचा स्वयंपाक करायचं ठरवलंय, दुसऱ्या पातेल्याचे तांदूळ धुऊन ठेवून.

शेवटी तुमच्याशी संबंधित एक विषय आहे, आणि तो जपून बोलायचाय. तुम्ही आम्हाला गावाहून जे पाठवता त्याबद्दल. तांदळाचं पोतं, कुळथाचं पीठ, कोकमं, आंब्याची पेटी. मे महिन्यात खासगी गाडीच्या टपावरून पोतं येतं तेव्हा आमच्या खोलीला गावचा वास सुटतो. सासूबाईंनी, आईनं, वहिनीनं राबून पिकवलेला तांदूळ. पण मैत्रिणींनो, पन्नास किलो तांदूळ ठेवायला आमच्याकडे जागा पलंगाखाली. खाली जमिनीची ओल, वर पावसाळा. ऑगस्ट उजाडेपर्यंत टोके होतात, जाळी धरते. मग निवडत बसा, उन्हात घालावं तर ऊन नाही, आणि कडक उन्हात घातले तर तांदळाची कणी होते. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं दहा किलो तांदूळ रात्री, मजल्यावर कुणी बघू नये म्हणून उशिरा, बादलीत टाकला आणि गावी फोन करून ‘तांदूळ छान आहे हो’ असं सांगितलं. हे तिनं गटात सांगितलं तेव्हा आणखी तिघींनी मान हलवली.

नको पाठवू असं आम्ही म्हणणार नाही, तुम्हीही तसं ऐकून घेणार नाही. पण एवढं करता येईल. सगळा तांदूळ एकदम भरडू नका. सालीतल्या भाताला कीड कमी लागते. भात तसाच कणगीत राहू द्या, अर्धा आता भरडून पाठवा, अर्धा गणपतीला किंवा दिवाळीला कुणी येईल त्याच्याबरोबर. आंबे पाठवताना एका पेटीत थोडे पाडाला आलेले, थोडे कच्चे असे घाला, म्हणजे एकाच दिवशी सगळे पिकत नाहीत. आम्ही आमच्याकडून एक सुरू केलंय. पोतं आलं की त्याच आठवड्यात गटात वाटून घ्यायचं. ज्या घरात पोतं येत नाही ती घरं बाजारभावानं घेतात, पैसे पोतंवालीला मिळतात. आमच्यातल्या एकीनं ते पैसे सासूबाईंना मनिऑर्डरनं पाठवले. सासूबाईंना आधी राग आला, पोरीनं माझा तांदूळ विकला म्हणून. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी दोन पोती पाठवते!

तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतो, डबा घट्ट लावतो. तरीही पावसाळ्यात टोके होतातच. तुमच्याकडे घरोघरी वेगवेगळ्या रीती असतील. कुणी राख लावत असेल, कुणी आणखी काही. तुमच्या गटात विचारा, आणि एका खोलीच्या घरात, पलंगाखाली चालेल अशी काही रीत असेल तर रेडिओ केंद्राच्या पत्त्यावर आमच्यासाठी लिहून पाठवा. मे महिन्यात पोती येतात, त्याच्या आधी कळलं तर बरं पडेल.